आवडलं का बे?

मागच्या रविवारी मी एक गोष्ट कबूल केली आणि ती कबूल करायला मला सतरा वर्षं लागली. गोष्ट काही फार मोठी नाही, कोणाचे पैसे नाही बुडवले की काही नाही. एवढंच की रेडिओहेड नावाच्या इंग्लिश बँडचा 'ओके कॉम्प्युटर' हा अल्बम मला आवडत नाही. कधीच आवडला नव्हता. तरी सतरा वर्षं मी "काय अल्बम आहे भाऊ" म्हणत फिरून राहिलो होतो.

झालं असं की इंजिनियरिंगला असताना नागपूरच्या बजाजनगरात आमच्या ग्रुपच्या पोट्ट्यांची रूम होती. मी घरून यायचो पण दिवसभर तिथेच पडीक. खालच्या मजल्यावर एक सिनियर राहायचा, त्याला सगळे दादाच म्हणायचे. दादाकडे 160 जीबीची एक्सटर्नल हार्ड डिस्क. तेव्हा ती म्हणजे अख्ख्या आळीत एकाच घरी टीव्ही असावा तसा प्रकार होता, सगळी बिल्डिंग पेन ड्राइव्ह घेऊन त्याच्या दारात उभी. पिक्चर तो कोणालाही द्यायचा, पण त्यात 'मस्ट' नावाचा एक फोल्डर होता, तो मात्र निवडक लोकांनाच. मला देताना म्हणाला, "सगळ्यांले नाही देत बे मी हे. तुले कान आहे."

मी शाळेत असताना तीन वर्षं तबला शिकलो होतो, त्यात परीक्षा एकच दिली, तेवढ्यावरच त्यानं ठरवून टाकलं की मला कान आहे. आता असं कोणी तोंडावर म्हटल्यावर आपण काय करणार, घेतला फोल्डर.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये चहाचा कप खाली ठेवायच्या आत प्रश्न आला. "ऐकलं? आवडलं का बे?" मी दीड गाणं ऐकलं होतं. दुसरं गाणं साडेसहा मिनिटांचं आहे आणि मधेच दोन-तीनदा वेगळंच गाणं होऊन जातं, त्यातल्या पहिल्या वळणावरच मी उतरलो होतो. म्हणालो, "कडक."

बस. त्या एका 'कडक'चं व्याज मी सतरा वर्षं भरलं. कारण दादा खुश झाला आणि मला समजावून सांगायला लागला, मग पुढचे अल्बम आले, मग मी रात्री नेटवर वाचून ठेवायला लागलो म्हणजे सकाळी बोलायला काहीतरी हाताशी असावं. 1997 साली आला, इंग्लंडात बाथ गावाजवळ एका जुन्या हवेलीत बराचसा रेकॉर्ड केला, हवेली जेन सेमूर नावाच्या नटीच्या मालकीची, एका गाण्यात आवाज घुमावा म्हणून गायक दगडी जिन्यात जाऊन गायला. सातव्या नंबरला गाणंच नाही, कॉम्प्युटरचा आवाज आहे नुसता बोलणारा. सगळं पाठ. अल्बम सोडून त्या अल्बमबद्दलचं सगळं मला पाठ होतं.

आता तुम्ही म्हणाल, नाही आवडत तर नाही आवडत, सांगून टाकायचं ना. बरोबर आहे. मला सावजी सोसत नाही हे मी नागपुरात राहून कोणालाही खुशाल सांगतो, लोक हसतात, मला डाळभात वाढतात, विषय संपतो. पण सावजी सोसत नाही म्हणजे पोट कच्चं. अल्बम आवडत नाही म्हणजे अक्कल कच्ची, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं आणि ते कोणी बसवलं नव्हतं, माझं मीच बसवलं.

दादाच्या रूमवर भिंतीला एक प्रिंटआउट चिकटवलेलं असायचं, रोलिंग स्टोन मासिकाची 2003 ची सर्वोत्तम 500 अल्बमची यादी. त्यात पहिल्या नंबरला बीटल्सचा 'सार्जंट पेपर'. तो 1967 चा. मी तो चार वेळा ऐकला, नेटानं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, हेडफोन लावून, अभ्यासाला बसल्यासारखा, कारण जगातला पहिला नंबर आहे म्हटल्यावर न आवडण्याची सोयच नव्हती. त्यात जॉर्ज हॅरिसनचं एक गाणं आहे, आपल्या दिलरुबा-तबल्यावालं, ते मला लगेच जवळचं वाटलं पण तेच आवडलं असं सांगणं म्हणजे परदेशात जाऊन वरणभात मागितल्यासारखं, म्हणून तेही लपवलं. मग 2020 मध्ये त्याच मासिकानं यादी नव्यानं केली आणि 'सार्जंट पेपर' गेला 24 व्या नंबरला. पहिला नंबर मार्व्हिन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'ला. अल्बम तोच, त्यातली एक ओळ बदलली नाही. मला वाचून इतका राग आला म्हणून सांगू. अरे मग माझ्या त्या चार वेळांचं काय? तेवीस पायऱ्या खाली आला तो, थोडा आधी आला असता तर मी दोनदाच ऐकला असता.

खरं म्हणजे आमच्या घरात अल्बम म्हणजे लग्नाचा. तो जाड पुठ्ठ्याचा, मधे बटर पेपरवाला. गाण्यांचा अल्बम ही भानगडच नव्हती. गाणी म्हणजे आकाशवाणी नागपूर आणि विविध भारती, एक याचं एक त्याचं, आणि फार झालं तर बर्डीवर दुकानात यादी देऊन कॅसेट भरून आणायची, ए साइडला आईची पसंती, बी साइडला बाबांची, आणि शेवटी जागा उरली म्हणून दुकानदारानं आपल्या मनानं टाकलेलं एखादं गाणं, जे हमखास सगळ्यांत चांगलं असायचं. त्या दुकानदाराला माझ्या संगीतशिक्षणाचं बरंचसं श्रेय आहे, तो कोण होता आता आठवतही नाही. तर ज्याचे कान असे एकेका गाण्याच्या सुट्या खुर्द्यावर वाढले त्याला एकदम सांगायचं की आता बारा गाणी ओळीनं ऐक, मधे उठू नको, कारण कलाकारानं त्यांचा क्रम विचार करून लावलाय. मी क्रमाचा आदर करायचो आणि तिसऱ्या गाण्याला माझा डोळा लागायचा.

सगळंच वाईट होतं असं नाही. पिंक फ्लॉइडचा 'डार्क साइड ऑफ द मून' मला पहिल्या झटक्यात आवडला आणि तोही अर्धाच ऐकून. अर्धा म्हणजे, एकाच इयरफोनची एक वायर माझ्या कानात, दुसरी मित्राच्या, रूमच्या गच्चीवर. 1973 चा अल्बम, त्यात अचानक सगळी घड्याळं एकदम वाजायला लागतात, ती अ‍ॅलन पार्सन्स नावाच्या त्यांच्या रेकॉर्डिंग इंजिनियरनं जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेक करून रेकॉर्ड केली होती, आणि मी असा दचकलो की मित्राच्या कानातली वायर निघून माझ्या हातात आली. खूप वर्षांनी दोन्ही कानांनी ऐकला तेव्हा कळलं की अर्धं सामान दुसऱ्या बाजूला होतं. तो अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत 1973 ते 1988 मध्ये मिळून 741 आठवडे होता. म्हणजे इथे मी आणि बाकीचं जग एका बाजूला. कधी कधी होतं तसं.

पण एका कानाचं निघालंच आहे तर बीच बॉइजचं सांगतो. 'पेट साउंड्स', 1966. ज्यानं तो बनवला त्या ब्रायन विल्सनला उजव्या कानानं जवळजवळ ऐकूच यायचं नाही, म्हणून त्यानं तो मोनोमध्ये केला, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना आवाज एकच, आणि त्या एका कानाच्या माणसानं सायकलची घंटा न् कुत्र्यांचं भुंकणं न् काय काय त्यात बसवलं. हे वाचलं तेव्हा मला भरून आलं होतं, खरंच. वाटलं आता आवडणार, आता कसा नाही आवडत बघू. लावला. आणि परत तेच, गोड आवाज, छान आवाज, एकावर एक रचलेले आवाज, आणि मी बाहेर. एखाद्याच्या घराचं वास्तुशांतीला खूप कौतुक करावं आणि आपल्याला तिथे राहायचं मात्र नसावं, तसं. कौतुक वेगळं न् आवड वेगळी, हे मला तिथे पहिल्यांदा नीट दिसलं, आणि माझं सगळं वाचन न् गोष्टी न् किस्से हे कौतुकाच्याच खात्यात जमा होत होते, आवडीच्या खात्यात खडकू नाही.

'ट्राउट मास्क रेप्लिका'बद्दल फार लिहीत नाही. कॅप्टन बीफहार्टचा, 1969 चा, 28 गाणी. लग्नानंतर एकदा लावला होता. चौथ्या गाण्याला बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, स्पीकरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे असंच आहे का तो बिघडला?" मी म्हटलं असंच आहे, आठ महिने रोज प्रॅक्टिस करून बसवलंय त्यांनी. ती म्हणाली, "बिघडायची?" आणि परत आत गेली.

माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' मात्र बाबांमुळे. 1959 चा, जॅझमधला बहुतेक सगळ्यात नावाजलेला, दोनच दिवसांत रेकॉर्ड केलेला, एक दिवस मार्चमधला आणि एक एप्रिलमधला. तो मी वर्षानुवर्षं ऐकायचा प्रयत्न करत होतो आणि दर वेळी उन्हाळ्यात. आता नागपूरचा उन्हाळा म्हणजे हॉलमध्ये डेझर्ट कूलर, खिडकीएवढा, त्याची मोटर आणि पंखा आणि खसावर पडणारं पाणी, आणि या अल्बमची सुरुवात म्हणजे पियानो आणि बेस अगदी हळू आवाजात काहीतरी कुजबुजतात. मला कित्येक वर्षं वाटायचं की पहिला अर्धा मिनिट रिकामाच आहे.

तर एकदा हिवाळ्यात लावला असताना बाबा पेपर वाचत बसले होते. त्यांनी आयुष्यात जॅझ ऐकलेलं नाही, ऐकायची इच्छाही नाही. थोड्या वेळानं पेपरमागूनच म्हणाले, "काफी आहे की हा."

म्हटलं, बाबा, आपला काफी राग इथे कुठे, हे अमेरिकेतलं आहे.

"असेल. सूर काफीचेच आहेत." मग गप्प. मग एकदम, "अरे, हा मधेच अर्धा सूर वर काऊन चढला? ... आता आला खाली."

मी नंतर जाऊन वाचलं तर शब्दश: तसंच आहे. त्या पहिल्या रचनेत सोळा मात्रांच्या नाही, सोळा बारच्या हिशोबानं (बार म्हणजे त्यांचा चार मात्रांचा एक तुकडा) एकाच स्केलवर, म्हणजे त्याच ठरलेल्या सुरांवर राहतात, ते लोक त्याला डोरियन म्हणतात न् आपल्याकडे तो काफी थाट, मग आठ बार अख्खं स्केल अर्ध्या सुरानं वर सरकतं, मग परत आठ बार खाली मूळ जागी. आधीच्या जॅझमध्ये कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, भराभर बदलायचे, इथे एकाच जागी बसून आलाप घेतल्यासारखं करायचं हीच त्या अल्बमची नवलाई, आणि ती माझ्या बाबांनी क्रीडा पान वाचता वाचता पकडली. मी सात वर्षं रिव्ह्यू वाचून राहिलो होतो.

आणखी एक त्यातलंच. पहिल्या दिवशी रेकॉर्डिंगचं मशीन जरा हळू फिरत होतं, त्यामुळे रेकॉर्डवर पहिल्या साइडची तिन्ही गाणी किंचित चढ्या सुरात वाजायची, आणि ते दुरुस्त होऊन बाजारात यायला 1990 चं दशक उजाडलं. म्हणजे तीसेक वर्षं मोठमोठे कानवाले तो अल्बम चढ्या सुरात ऐकून धन्य होत होते. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर माझी बरीच रात्रीची झोप वाचली असती. असो. तो अल्बम आवडला का? हो, थोडा. बाबांनी काफी म्हटल्यावर. पण मग मला जॅझ आवडलं की बाबांचं पेपरमागून बोलणं आवडलं ते नीट सांगता येणार नाही.

कारण बाबांची जी आवड आहे तिथेही माझं असंच आहे. घरात सकाळ म्हणजे कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं. लहानपणी वाटायचं हे असे तोडून तोडून काय गातात. बाबा सांगायचे, अरे त्यांना क्षय झाला होता, देवासला कित्येक वर्षं अंथरुणावर, गाणं बंद, एक फुप्फुस कामातून गेलं, मग त्यातून उठून त्यांनी हे गाणं उभं केलं. सांगताना बाबांचा आवाज जड व्हायचा, ऐकताना माझाही. आणि कॅसेट लागली की परत मी कोरडा. पेट साउंड्ससारखंच, गोष्ट आवडते, गाणं नाही. अजूनही शंभर टक्के नाही आवडत, आणि हे बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. रविवारी फक्त दादाचं झालं.

एकदाच, एकदाच असं झालं की बंद दार आपोआप उघडलं. मे महिना, संध्याकाळी पावणेसात. अमीर खाँसाहेबांचा मारवा राग मोबाइलवर लावला होता, खरं सांगायचं तर डुलकीसाठी, कारण इतकी संथ लय की दोन मात्रांच्या मधे माणूस चहा करून येईल. आणि लाइट गेली. कूलर बंद झाला की घरात जी शांतता पडते ना ती नागपूरवाल्यालाच माहीत आहे, कान एकदम मोठे झाल्यासारखे वाटतात. बाहेर तो पिवळा-तपकिरी उजेड, हवा उभी, आणि खाँसाहेब कोमल रिषभावर. मारव्यात पंचम नाहीच, आणि सा वर गवई सहजी टेकत नाही, रे न् ध न् नी करत भोवती फिरत राहतो, आपल्याला खाली बसायला जागाच देत नाही. मी तिथे त्या उकाड्यात बसून त्या सा ची वाट पाहायला लागलो. अक्षरश: वाट पाहत होतो, बस येईल का नाही तशी. आणि मग तो लागला एकदाचा आणि माझ्या तोंडून जोरात "हां" निघालं.

तेवढ्यात लाइट आली. कूलर धाडकन सुरू. मी उठून कूलर बंद केला, बाहेर चव्वेचाळीस होतं. बाबा म्हणाले, "वेडा झाला का रे तू, मरतो ना गरमीनं." त्यांना मोबाइल दाखवला तर थोडा वेळ ऐकलं आणि गप्प बसले, बनियनवर, घाम पुसत. मग सांगायला लागले ती गोष्ट, वसंतराव देशपांडे आपल्या नागपुरात वाढलेले, शंकरराव सप्रेंकडे शिकलेले, ते पोरवयात लाहोरला गेले तेव्हा तिथे असद अली खाँनी त्यांना मारवा दिला, आणि म्हणे तीन महिने तेवढा एकच राग. एकच. सिव्हिल लाइन्समध्ये त्यांच्या नावाच्या सभागृहात मी किती कार्यक्रमांना जाऊन बसलो असेन आणि हे माहीत नव्हतं. तीन महिने एक राग आणि मी एका अल्बमला देतो वीस मिनिटं, त्यातली सहा मोबाइलवर दुसरंच काही बघत.

त्यानंतर मी उत्साहात येऊन ठरवलं की सगळा घोळ कूलरचाच होता. दुसऱ्या दिवशी कूलर बंद करून ओके कॉम्प्युटर लावला. नुसता घाम आला.

काही जण म्हणतात तुला ते समजत नाही म्हणून आवडत नाही, इंग्रजी वळण आहे, तिकडचं जगणं वेगळं. मला नाही पटत. ग्रेस या गावात राहिले, इथे शिकवलं, आणि त्यांच्या कवितेला अख्खी मराठी दुर्बोध म्हणून थकली. मला त्यांच्या अर्ध्या ओळींचा अर्थ आजही सांगता येणार नाही. तरी संध्याकाळी अंबाझरीच्या बाजूनं गाडीवर येताना त्यातली एखादी ओळ आपली आपण ओठावर येते आणि चौकातलं सिग्नल कधी हिरवं झालं कळत नाही, मागचा हॉर्न वाजवतो. म्हणजे न समजता आवडतं. आणि तो रेडिओहेड मला पूर्ण समजतो, एकटेपणा, मशीन, घाईचं जग, सगळं समजतं, मी आयटीत आहे, माझ्यापेक्षा जास्त कोणाला समजणार. समजून आवडत नाही. याचं काय करायचं?

तर रविवार. दादा आता पुण्याला असतो, घरच्या लग्नाला आला होता. सकाळी तर्री पोहे खाल्ले, त्यानं तर्री दोनदा मागून घेतली, तिकडे असं मिळत नाही म्हणून डोळ्यात पाणी, तिखटाचं का आठवणीचं कोण जाणे. मग फुटाळ्यावर गाडी लावून बसलो. पोट सुटलंय त्याचं, केस गेलेत, पण गाडीत अजून तोच फोल्डर, आता पेन ड्राइव्हवर, नाव तेच, 'मस्ट'. त्यानं लावलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "आठवते ना बे? तूच एक होता ज्याले हे पोहोचलं होतं. बाकी सगळे पोट्टे पिक्चर न्यायचे."

आता इथे गप्प बसता आलं असतं. सतरा वर्षं बसलोच होतो. पण त्या 'तूच एक होता'नं माझ्या पोटात कसंतरी झालं आणि मी सांगून टाकलं. की नाही पोहोचलं. की मी दीड गाणं ऐकलं होतं. की जिन्याची गोष्ट, हवेली, ते सगळं मी वाचून यायचो.

दादा काही बोलला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. समोर तळ्यावर बदकं होती का पाणकोंबड्या, तो त्यांच्याकडे पाहत बसला. पाचवं गाणं सुरू झालं होतं. ते त्याचं खास आहे, मला माहीत होतं, आणि मी बघत होतो की त्याची बोटं स्टिअरिंगवर आपोआप वाजायला लागली, अगदी हळू, आणि एका ठिकाणी गाणं वर चढतं तिथे त्यानं डोळे मिटले. त्या पोट सुटलेल्या माणसाचा चेहरा असा काही झाला की मी गाणं ऐकायचं सोडून त्यालाच पाहत राहिलो.

संपल्यावर त्यानं डोळे उघडले.

"आता?"

"नाही आलं दादा."

"कुठेच नाही?"

"तुझी बोटं चांगली वाजत होती. लयीत होती."

"हट बे," तो म्हणाला, आणि आवाज दोन पॉइंट वाढवून सहावं लावलं. "हे ऐक."